जा म्हणणारा हात

फिजिओच्या मॅडमनी मला रोज अर्धं पान लिहायला सांगितलंय. उजव्या हाताने, काय वाट्टेल ते. पहिला महिना मी फक्त स्वतःचं नाव लिहिलं. ते बघून आमचे हे म्हणाले, "अक्षर डॉक्टरसारखं झालंय, आता औषधं पण तूच लिहून घे." ह्यांना ऐकू कमी येतं, म्हणून चेष्टाही मोठ्याने करतात. अख्ख्या चाळीला हसावं लागतं.

आता अर्धं पान लिहायला पाऊण तास लागतो. ज्यांना हा लकव्याचा झटका आलाय, ज्यांच्या घरात आलाय, त्यांच्यासाठी लिहिते असं मी मॅडमना सांगितलं. ते खरंच आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं असं की मी एक खोटं वर्षभर पोटात ठेवलं होतं. ते एकदा सरळ कागदावर उतरवायचं आहे.

खुणा

मी वनिता. वय चोपन्न, दहावी पास, मुक्काम नारपोली, भिवंडी. बावीस वर्षं यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या कारखान्यात कांडी भरली. लूममध्ये आडवं सूत घेऊन जो धोटा पळतो, त्याच्या पोटात सुताची नळी बसते, ती कांडी. ती भरायचं काम आम्हा दोघींकडे, मी आणि रुखसाना.

कारखान्यात बोलून काही उपयोग नसतो. चोवीस लूम एका पत्र्याखाली चालू असले की माणूस कानात ओरडला तरी फक्त त्याचा श्वास लागतो. म्हणून सगळं हाताने चालतं. मनगटावर बोट म्हणजे किती वाजले. चिमूट सोडली म्हणजे तार तुटली. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. शेठला शिवी द्यायचीही खूण आहे, ती इथे लिहीत नाही. आणि दोन खुणा दिवसातून पन्नास वेळा लागायच्या. पंजा पालथा धरून बोटं आपल्याकडे ओढली की 'ये'. पंजा पालथाच, पण मनगटातून वर उडवला की 'जा, काही नाही, मी बघते'. नवख्याला लांबून दोन्ही सारख्याच वाटतात.

रुखसाना माझ्याच वयाची, इथलीच. कोकणी मुसलमान, आजोबांपासून लूमच्या गल्लीत राहणारी. आमची मैत्री म्हणजे निम्मी भांडणंच, आणि तीही हातवाऱ्यांची. कधी तिच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेले की तोंडाने काय बोलायचं ते दोघींना सुचायचं नाही.

मला झटका आला त्या वर्षी शेठने जुने निम्मे लूम भंगारात काढले आणि नवे आणले. नव्या लूमना धोटा नाही, म्हणजे कांडीही नाही. दिवाळीनंतर कांडीवर एकच बाई लागेल, असं शेठ बोलून गेला. कोण, ते सांगितलं नाही. आम्ही एकमेकींनाही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून दोघी दहा-दहा मिनिटं लवकर यायला लागलो.

तो दिवस

सकाळी घरी कप हातातून निसटला. ओला असेल म्हटलं. नऊच्या सुमारास कारखान्यात कांडी पडली. उचलली, परत पडली. उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी आणून माझ्या खांद्याला बांधावा तसा लोंबत होता. मी डाव्या हाताने काम रेटायला सुरुवात केली.

मला कळलं होतं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. माझ्या मामाला असाच लकवा झाला होता, त्याचा हात असाच गेलेला मी पाहिला होता. मला नीट कळलं होतं की माझं काहीतरी वाईट होतंय. पण डोक्यात एकच होतं, हे शेठच्या कानावर गेलं तर रुखसानाचं नाव पक्कं.

आम्ही पाळीने घरी जायचो. अकरा ते दीड ती जायची, ती आली की मी. त्या दिवशी अकराला ती निघाली, दारात थांबली, वळून पाहिलं. भुवया उडवल्या. काय गो? मी डावा हात पालथा केला आणि मनगटातून उडवला. जा, काही नाही, मी बघते.

ती गेली.

मग पायातलं बळ गेलं. सुताच्या गोणीवर बसले ती तिथेच कलंडले. समोर लूम चालू होते. मी हाक मारली. हाक माझी मलाच ऐकू आली नाही, पण तिथे कुणाची कधी येत होती? एक कारागीर टोपलीतून कांड्या घ्यायला आला. मी त्याच्याकडे बघत होते, तो कांड्यांकडे. चार कांड्या घेऊन गेला. बाई जरा पडलीय असं त्याला वाटलं असेल. नंतर आणखी एकदा आला, तेव्हाही टोपलीतच बघितलं. त्याला मी दोष देत नाही. चालत्या लूमवरून नजर काढली की कापड बिघडतं, तिथे सगळ्यांना तीच सवय आहे.

अडीच तास मी तशी पडून होते. आजही डोळे मिटले की मी त्या गोणीवरच असते. डोळ्यांसमोर टोपली असते, आणि टोपलीत येणारा हात.

शेवटची बरी कधी होती?

दीडला रुखसाना आली, तिने बघितलं, आणि म्हणे तिने मेन स्विचच पाडला. सगळे लूम एकदम थांबले. मला आठवतं ते एवढंच, की खूप शांत झालं आणि मला वाटलं, मेले.

अंजूरफाट्याच्या गर्दीतून ठाण्याला पोचेपर्यंत चार वाजले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "ह्यांना शेवटचं ठीक कधी बघितलं?" रुखसाना म्हणाली, "अकराला." डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते ठरावीक वेळेतच देता येतं. ती वेळ गेली होती. आणि अकराला तरी मी कुठे ठीक होते. नऊपासून नव्हते. पण ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

वाचणाऱ्याने इथे थांबून एवढं लक्षात ठेवावं. हात जड झाला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, की पाणी पाजत बसू नका, कांदा हुंगवू नका, झोपवून बघू नका. तडक मोठा दवाखाना गाठा, आणि कधीपासून झालं ते खरं सांगा.

तिसऱ्या दिवशी माझ्या खाटेभोवती सगळे उभे होते. हे, माझा मुलगा निलेश आणि रुखसाना. निलेश वळ गावातल्या गोदामात शिफ्टवर असतो. तो तिला विचारत होता, आई तुझ्या समोर होती ना, मग तू गेलीसच कशी? रुखसाना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "ती बोलवत व्हती मना. डावा हात व्हता, मना नीट कळली न्हाय खूण. मना वाटलं, जा म्हनते."

ह्यांची उभी जवानी लूमवर गेली, कान तिथेच गेले, खुणा ह्यांच्या हाडात आहेत. हे माझ्यावर वाकले आणि मोठ्याने विचारलं, "तू 'ये' केलं होतंस?" वरून हाताने करूनही दाखवलं.

मी मान हलवली. हो.

मान तेवढी माझ्या ताब्यात होती, आणि पहिल्याच कामाला मी तिला खोटं बोलायला लावलं. का, ते अजून नीट सांगता येत नाही. बाई एका नोकरीसाठी स्वतःचा जीव लपवून बसली होती, हे मुलाला कळू नये असं वाटलं. दोष दुसरीकडे जात होता, मी तो जाऊ दिला. निलेश त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

दवाखान्यातले दिवस

सहाला कूस बदलायची, सातला दूध, तेही चमच्याने, हनुवटी खाली दाबून, नाहीतर ठसका. नऊला डॉक्टर. "हसून दाखवा." रोज हसायचं, रोज निम्मंच हसू. पडल्या पडल्या मला लूम ऐकू यायचे. ठाण्याच्या त्या वॉर्डात लूम कुठून येणार? पण पंख्यातून, लिफ्टमधून, बाजूच्या बाईच्या घोरण्यातून तोच खडखडाट यायचा आणि मी हाक मारायचा प्रयत्न करायचे.

एक मावशी होत्या साफसफाईच्या. त्यांनी पाचव्या दिवशी न सांगता माझी वेणी घातली. गुंता सोडवायला अर्धा तास गेला असेल. "घरी जाताना माणसासारखं जायचं," म्हणाल्या. त्या अर्ध्या तासात मला लूम ऐकू आले नाहीत.

साडेचार

घरी आले ती एका लाकडी पलंगावर. उजवा पाय ओढत चार पावलं, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. हे म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडू नकोस, भाव उतरेल." रोज सकाळी त्या मुठीत अंगठा घालून एकेक बोट सोडवायचे, नखं कापायचे, पावडर लावायचे. तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. मला त्याची लाज वाटायची आणि रागही यायचा. एकदा मी वाटी फेकून मारली, डाव्या हाताने. नेम बरोबर लागला. हे कपाळ चोळत म्हणाले, "डावी बाजू झकास आहे."

निलेशचं वेगळं. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता. रात्रपाळी करून यायचा, मला संडासला न्यायचा, आणि मग भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलकी घ्यायचा. आपल्यामुळे घर कसं वाकतं ते आजारी माणसाला सगळ्यात आधी दिसतं. आणि दिसूनही त्याला उठून हातभार लावता येत नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेचारला, रुखसाना आली. कामावरून सुटून थेट, केसांत कापसाचं भुसकट तसंच. निलेश दारात आडवा उभा राहिला. ह्यांनी त्याला बाजूला केलं. ती माझ्यासमोर बसली, मॅडमनी दिलेला व्यायामाचा कागद भिंतीवरून काढला आणि म्हणाली, "चल गो. पयला कंचा?"

कागदावर पहिला व्यायाम मनगटाचा होता. हात टेबलावर पालथा ठेवायचा, पंजा कडेबाहेर, आणि मनगटातून वर उचलायचा. वीस वेळा. हात उचलत नसेल तर दुसऱ्याने धरून उचलायचा.

तिने माझं मनगट धरलं, पंजा वर केला. एक. खाली. वर. दोन.

चौथ्याला माझ्या लक्षात आलं. ही तीच खूण होती. जा, काही नाही, मी बघते. ती माझ्या मेलेल्या हाताने, स्वतःच्या हाताने, मला तीच खूण करायला लावत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून मोजत होती. माझ्या घशातून एक आवाज निघाला, तो रडण्याचा होता पण हसण्यासारखा आला. झटक्यानंतर असं होतं, रडू आणि हसू यांची अदलाबदल होते. रुखसानाला वाटलं मी हसले. तीही हसली.

मग ती रोज यायला लागली. शुक्रवारी कारखाने बंद असतात, तरी शुक्रवारीही. रोज वीस वेळा मनगट, वीस वेळा कोपर, मग गल्लीतून पाण्याच्या टाकीपर्यंत चालणं, तिचा हात माझ्या काखेत. दिवाळीनंतर शेठने कांडीवर तिलाच ठेवलं, दुसरं कोण होतं? त्या दिवशी ती आली तेव्हा तिने वीसच्या जागी तीस मोजले.

मन

हाताचा इलाज सगळे विचारतात. मनाचं कुणी विचारत नाही. चौथ्या महिन्यात मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. जेवण नको, टीव्ही नको, अंघोळ नको. रोज सकाळी पहिला विचार यायचा, अजून आहे का मी? माझी बहीण म्हणाली गणेशपुरीला ने, गरम कुंडात बसव, लकवा उतरतो. नेलं. कुंडात सगळे हाय-हुय करत पाय घालत होते. माझा उजवा हात पाण्यात होता आणि मला काहीच लागत नव्हतं. हात लाल झाला तेव्हा ह्यांनी ओरडून बाहेर काढला. मी तो लाल हात मांडीवर घेऊन बसले आणि मला वाटलं, आपण कधीच गेलोय, फक्त ही माणसं उचलून फिरवताहेत.

मॅडमना कुणी सांगितलं माहीत नाही, पण त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "मरावंसं वाटतं का?" इतकं सरळ. मी मान हलवली, हो. ह्या वेळी खरी. त्या ओरडल्या नाहीत, देवाचं नाव घ्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "झटक्यानंतर पुष्कळांना वाटतं. हाही त्याच आजाराचा भाग आहे, तुमचा स्वभाव नाही. त्याला औषध आहे. आणि चालणं सोडू नका. आधी बरं वाटेल मग चालेन असं म्हणत बसू नका, आधी चाला." घरात वेडाची गोळी म्हणून दोन दिवस कुजबूज झाली. मग हेच म्हणाले, "माझ्या कानाची मशीन चालते, हिच्या मनाची गोळी का नको?" डॉक्टरांनी लिहून दिली आणि गोळी सुरू झाली.

गोळीने तळ सापडला, वर मात्र चालण्याने आले. हे मी अनुभवाने सांगते. ज्या दिवशी टाकीपर्यंत जाऊन यायचे, त्या दिवशी भिंतीकडे तोंड फिरवायची ताकदच उरायची नाही. घाम आला की भूक लागायची, भूक लागली की आमटीत मीठ कमी आहे हे कळायचं, ते कळलं की भांडायला यायचं. भांडायला आलं तेव्हा घरच्यांना धीर आला.

पण चालवायची कोण? रुखसाना. निलेशला वेळ नव्हता, ह्यांचे गुडघे गेलेले. साडेचार वाजायला आले की मी दाराकडे बघायचे. आणि रोज तोच हिशोब मनात, ही येते कशासाठी? खूण चुकली म्हणून. खूण चुकलीच नव्हती हे हिला कळलं तर ही उद्या कशाला येईल?

जीभ

सातव्या महिन्यात जीभ वळायला लागली. आधी 'पाणी', मग 'नको', मग शिव्या. शिव्या फार स्पष्ट आल्या, मॅडम म्हणाल्या असं होतं. आठव्या महिन्यात मी पूर्ण वाक्य बोलत होते. म्हणजे आता माझ्याकडे सबब उरली नव्हती.

तरी मी बोलले नाही. आज बोलू म्हणायचे आणि साडेचारला ती आली की "चहा घे" म्हणायचे. निलेश अजून तिला बघून घराबाहेर जायचा. ती त्याच्या पाठीकडे बघायची, मग माझ्या मनगटाकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी रोज वीस वेळा करत होते. आणि गंमत म्हणजे हात सुधारत होता. दहाव्या महिन्यात पंजा आपला आपण वर यायला लागला. थरथरत, पण स्वतःचा. रुखसाना बघून म्हणाली, "बघ, आता तुझी तू करतेस." मी काय करत होते ते मलाच माहीत होतं.

शुक्रवार

आमच्या गल्लीत लूमचा आवाज दिवसरात्र भिंतीतून येतो. शुक्रवारी तो नसतो. त्या शांततेत मला गोणी दिसते. एका शुक्रवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. हात टेबलावर, ती मोजत होती. बारा मोजून झाले आणि मी थांबले.

"रुखसाना, त्या दिवशी मी तुला बोलवत नव्हते. जाच म्हणत होते. मला झालंय ते मला कळत होतं. काम जाईल म्हणून लपवलं. दवाखान्यात मान हलवली ती खोटी."

जीभ दोनदा अडखळली, पण सगळं बोलले. तिने माझं मनगट सोडलं नव्हतं.

"ठावं हाय मना," ती म्हणाली.

"काय ठावं?"

"खूण. बराबर वाचली मी. बावीस वर्सं तुझ्या खुना वाचतेय, मना ये आनि जा कळत न्हाय व्हय?"

मला काही समजेना. "मग तू खोटं का..."

"तुझं तोंड पन बघितलं मी." ती आता टेबलाकडे बघून बोलत होती. "दारातनंच. एका बाजूला उतरलं व्हतं. मना कळलं, हिला काय तरी झालंय. मग तू जा म्हनलीस. मी मनात म्हटलं, तीच म्हनते ना जा. घरी गेले, भाजी चिरली, भात टाकला. सगला वेल तुझं तोंड दिसत व्हतं. आनि एकच बाई ठेवनार, ते पन डोक्यात व्हतं. व्हतं गो. कुरानावर हात ठेवून सांगते, व्हतं."

"आणि खूण कळली नाही म्हणून सांगितलंस."

"चूक झाली सांगितलं की लोक शिव्या घालून गप बसतात. बघून गेले सांगितलं असतं तर?"

मी कबुली द्यायला बसले होते. मला वाटलं होतं ती रागावेल, मी रडेन, मन हलकं होईल. त्याऐवजी माझ्या डोक्यात अशी आग उठली की भाजीचा वास आला मला, तिच्या घरच्या भाजीचा. मी गोणीवर पडले होते आणि ही भाजी चिरत होती. मी हात ओढून घेतला. उजवा हात. आजारानंतर पहिल्यांदा तो एका झटक्यात हलला. आणि त्याच हाताने, पालथा धरून, मनगटातून उडवून, मी तिला खूण केली. जा.

थरथर नव्हती. बावीस वर्षं करायचे तशी सफाईने झाली.

तिने ती बरोबर वाचली. उठली, चपला घातल्या, गेली.

चारशे पावलं

नऊ दिवस ती आली नाही. पहिल्या रात्री मी निलेशला सगळं सांगितलं, माझं आणि तिचं. तो म्हणाला, "म्हणजे दोघींनाही कळलं होतं." आणि रात्रपाळीला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्या पायाला तेल चोळून दिलं.

मी साडेचारला टेबलाशी बसायचे आणि आपलं आपण मोजायचे. वीस होत नव्हते. बारावर आलं की हात थांबायचा, मनही थांबायचं. भिंत परत ओढायला लागली होती. राग होता, तो अजूनही आहे. पण रागाने टाकीपर्यंत जाता येत नाही. आणि खरं सांगायचं तर दारात उभी राहून मी काय केलं असतं? ती गोणीवर आणि मी दारात असते तर? हा प्रश्न मी नऊ दिवस टाळला. नवव्या दिवशी टाळता आला नाही.

दहाव्या दिवशी काठी घेतली आणि ह्यांना न सांगता निघाले. घरापासून कारखाना चारशे पावलं आहे. आधी कधी मोजली नव्हती. दोनदा ओट्यावर बसले. दारात पोचले तेव्हा घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. वर्षभराने तो आवाज अंगावर आला आणि मला वाटलं पडणार. चौकट धरली.

ती कोपऱ्यात मशीनवर होती. तिच्या मागे सुताची गोणी होती, तीच जागा. माझ्या जागेवर टोपली ठेवलेली. तिने वर बघितलं.

आता मी दारात होते आणि ती आत. मी उजवा हात पालथा धरला. 'जा' मला येत होतं, त्याचा सराव वर्षभर झाला होता. 'ये' कागदावर नव्हतं. त्याला बोटं उघडावी लागतात आणि आपल्याकडे ओढावी लागतात, आणि माझी बोटं अजून धड उघडत नाहीत. पहिल्यांदा नुसती थरथरली. ती बघत राहिली, समजलं नाही. भुवया उडवल्या. काय गो?

मी परत केलं. तीन बोटं वळली.

तिने मशीन बंद केलं आणि आली. तिने काखेत हात घातला आणि मला घरापर्यंत आणलं. टेबलाशी बसवलं. "बाराला थांबलो व्हतो," म्हणाली, आणि तेरापासून मोजायला लागली.

मी तिला माफ केलं का, मला माहीत नाही. तिने मला केलं का, तेही विचारलं नाही. ती रोज साडेचारला येते. निलेश आता तिला चहा देतो, बोलत नाही, पण देतो. एकच बदल झालाय. मी हाताने काहीही सांगितलं, पाणी दे म्हटलं, पुरे म्हटलं, तरी ती आधी माझं तोंड बघते. नीट, दोन्ही बाजू. मग हाताकडे बघते.